पैठणी सांभाळायची कशी: अंगावरून उतरल्यापासून कपाटापर्यंत

आईच्या लग्नातली पैठणी मी भाचीच्या साखरपुड्यासाठी बाहेर काढली, तेव्हा ती दुकानातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतच होती. घडीसुद्धा पहिलीच. पलंगावर उलगडताना मधल्या घडीवर वाळकं पान मोडावं तसा बारीक आवाज झाला आणि पदराला वीतभर चीर गेली. आईने ती साडी उभ्या आयुष्यात सात-आठ वेळा नेसली असेल. नेसून तिचं काही बिघडलं नव्हतं. तिला मारलं ते एकाच घडीत, बंद पिशवीत काढलेल्या वर्षांनी.

त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या बायकांच्या कितीतरी पैठण्या मी हाताळल्या. बहुतेक घरांत चुका त्याच असतात, आणि पुष्कळदा माहिती असते, फक्त क्रम चुकतो. हवा न देता घडी घालतात, डाग न बघता इस्त्री फिरवतात, फॉल न भिजवता लावतात. म्हणून इथे कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहिली आहेत.

१. आधी साडी ओळखा

हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर सुलट-उलट दोन्हीकडून जवळजवळ सारखा दिसतो. नक्षीतल्या प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या कांडीवरून येतो आणि नक्षीच्या कडेला शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवलेला असतो. त्यामुळे मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत. यंत्रमागाच्या, म्हणजे सेमी पैठणीच्या मागे लांब सुटे धागे असतात, किंवा ते कापून टाकल्याची लव दिसते. हे सुटे धागे बांगडीत, जोडव्यात पटकन अडकतात. अशा पदराला आतून मऊ जाळी लावून घ्या.

मग जर बघा. पदराच्या टोकाला किंवा ब्लाउजपीसच्या कडेला एखादा सुटलेला धागा मिळतो. तो नखाने किंवा ब्लेडच्या पात्याने हलकेच खरवडा. वरचा सोनेरी थर गेल्यावर आत पांढरी चमक दिसली तर चांदीची जर. तांबूस दिसलं तर तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली टेस्टेड जर. पापुद्रा सुटला, किंवा आचेजवळ नेल्यावर धागा आकसून त्याची गोळी झाली, तर प्लास्टिकची.

ही ओळख पुढे पावलोपावली लागते. चांदी काळी पडते, तांबं काळपट-हिरवट होतं, प्लास्टिकची जर इस्त्रीखाली आकसते.

सावध: धागा साडीच्या अंगातून ओढू नका. कडेचा सुटलेला मिळाला तरच तपासा, नाहीतर विणकराला किंवा जाणत्या दुकानदाराला दाखवा.

२. फॉल लावण्याआधी

सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच लावायला द्या. न भिजवलेला फॉल पहिल्याच वाफेला किंवा पावसाच्या पाण्याला आकसतो. रेशीम तेवढं आकसत नाही, त्यामुळे खालचा काठ चुणीदार होऊन बसतो आणि दहा वेळा इस्त्री केली तरी सरळ होत नाही. गडद फॉल भिजवताना पाण्याला रंग आला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. तरीही रंग सुटत राहिला तर तो फॉल पैठणीला लावू नका.

शिलाई हातानेच करून घ्या. टाका सैल, सुई बारीक, आणि टाका जरीत न घेता तिच्या शेजारच्या रेशमात. मशीनची सुई जरीची चपटी तार तोडते. सुरुवातीला ते कळत नाही. वर्षभराने काठावर ठिपक्यांची रांग उसवलेली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

३. नेसण्याच्या दिवशी

अत्तर, डिओ, केसांचा स्प्रे, हाताचं क्रीम हे सगळं साडीच्या आधी. नंतर पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग साडी हातात घ्या. डिओतले क्षार आणि घाम मिळून जर काळी करतात, रेशमाचा रंगही उडवतात. ब्लाउजला काखेत घाम टिपणारे पॅड लावले तर ब्लाउजही वाचतो आणि त्याला घासणारा पदरही.

दागिने घालण्याआधी प्रत्येक दागिना जॉर्जेटच्या जुन्या ओढणीवरून फिरवून बघा. ओढणीचा धागा अडकला तर पैठणीचाही अडकणार. तोडे आणि पाटल्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण निऱ्यांचा खालचा काठ फाडतात ती जोडवी आणि पैंजण. पहिला पाय टाकण्याआधी त्यांच्या कडा बोटाने तपासा.

पिना जरीतून कधीच लावू नका. खांद्यावर पदराच्या आत सुती कापडाची छोटी चौकोनी घडी ठेवा आणि पिन तिच्यातून काढा, म्हणजे पदराचं वजन एका भोकावर येत नाही. पिना स्टीलच्या, नव्या. गंजकी पिन डबीतही ठेवू नका, घाईत तीच हाताला लागते.

गजरा ओला असेल तर आधी फडक्यात गुंडाळून पाणी टिपून घ्या. मोगऱ्याचं पाणी पाठीवर ओघळलं की पिवळट रेघ राहते.

गौरींना पैठणी नेसवणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. साडी तीन दिवस उभी, भाद्रपदातली दमट हवा, पन्नासभर पिना, जवळ समई आणि वर हळदी-कुंकू. पैठणीचं वर्षातलं सगळ्यात मोठं नुकसान याच तीन दिवसांत होतं. पिनांऐवजी जमेल तिथे सुती नाडीने बांधा, साडीखाली गौरीच्या खांद्यांवर सुती पंचा घाला, समई हातभर लांब ठेवा आणि हळद-कुंकू वाहताना पदरावर स्वच्छ रुमाल अंथरा. विसर्जनानंतर पिना त्याच दिवशी काढायच्या. दुसऱ्या दिवसावर टाकलं की गंजाचे ठिपके आलेच.

४. कार्यक्रमात डाग पडला तर

पहिलं काम म्हणजे काही न करणं. ओल्या रुमालाने घासायला हात जातो, तो आवरा. ओलं रेशीम घासलं की तंतू विस्कटतात, तिथे कायमचा पांढुरका पट्टा उमटतो आणि डाग गेला तरी तो पट्टा जात नाही.

तेल, तूप, वरण: कोरडा टिश्यू वरून नुसता टेकवा. घरी आल्यावर त्यावर बिनवासाची टाल्कम पावडर किंवा पांढऱ्या खडूची भुकटी टाका, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने झटका. जमलं नाही तर तसंच ड्रायक्लीनला द्या.

हळद: साबण लावू नका. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कलीत हळद लालभडक होते. पिवळा डाग लाल करून घेणाऱ्या कितीजणी भेटल्या.

कुंकू, गुलाल: कोरडं असताना साडी उभी धरून झटका. फुंकर घालू नका, थुंकीचा ओलावा लागला की रंग बसतो.

सरबत, कोल्ड्रिंक: वाळल्यावर काहीच दिसत नाही, म्हणून हा सगळ्यात फसवा डाग. साखर कापडातच राहते, काही महिन्यांनी तपकिरी होते आणि किडीलाही बोलावते. कुठे सांडलं ते लक्षात ठेवा.

गुलाबपाणी: संक्रांतीच्या हळदीकुंकवात गुलाबदाणी फिरते तेव्हा पदर मागे घ्या, हात पुढे करा. शिंतोडे उडालेच तर पुसू नका, आपोआप वाळू द्या.

५. उतरल्यानंतरचे पहिले चोवीस तास

माझ्या मते पैठणीचं आयुष्य या एका दिवसात ठरतं. कार्यक्रमाहून दमून आल्यावर साडी खुर्चीवर टाकली जाते किंवा घाम असतानाच घडी होऊन कपाटात जाते. दोन्ही वाईट, दुसरं जास्त वाईट.

आधी पिना काढा, साडी अंगावर असतानाच, आरशासमोर. पिना मोजून लावल्या असतील तर मोजून काढता येतात. मग साडी सोडा आणि आडव्या लाकडी दांडीवर टाका. दांडीवर आधी स्वच्छ सुती चादर हवी. नायलॉनची दोरी किंवा लोखंडी तार नको. दोन्ही बाजूंना वजन सारखं पडू द्या, जरीचा जड पदर एकटा लोंबू देऊ नका. खोलीत पंखा, खिडकी उघडी, ऊन नाही. स्वयंपाकघर जवळ नको, फोडणीची वाफ तेल घेऊन येते. रात्रभर साडी अशीच राहू द्या.

सकाळी उजेडात तपासणी करा. दिव्याच्या प्रकाशात डाग सुटतात. ठिकाणं ठरलेली असतात: टाचेजवळचा काठ, कमरेत खोचलेल्या निऱ्या, डाव्या काखेजवळचा भाग, खांद्यावरची पिनांची जागा, बसताना खाली येणारा पाठचा भाग आणि जेवताना मांडीवर आलेला पदर.

डाग सापडला की शेजारी पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घाला, जर टाळून. सहा मीटर साडीत ड्रायक्लीनवाल्याला तुमचा डाग आपोआप सापडणार नाही.

तपासा: कमरेचा भाग हाताला थंड लागतो का? थंड म्हणजे अजून दमट. आणखी एक दिवस दांडीवरच ठेवा.

६. ड्रायक्लीन केव्हा

प्रत्येक वेळी नको. डाग नसेल, घाम फार नसेल, तर हवा दिली की पुरे. चार-पाच वेळा नेसल्यावर, डाग पडल्यावर, किंवा साडी वर्षभर नेसली जाणार नाही असं दिसलं तर ड्रायक्लीनला द्या.

देताना या गोष्टी तोंडाने सांगा आणि पावतीवर लिहून घ्या: जर कोणती आहे, डाग कुठे आणि कशाचा, रोल पॉलिश (रोलरखाली दाबून कडक करणं) करायचं नाही, जरीवर थेट वाफ द्यायची नाही. रोल पॉलिशने साडी दुकानातल्यासारखी कडक होते खरी, पण त्या दाबाने जरीची तार चेपते आणि कडकपणासाठी लावलेली खळ घडीवर तडकते. शिवाय खळ झुरळांना आणि कसरीला आवडते. नव्यासारखी कडक पैठणी हे चांगल्या पैठणीचं लक्षण नाही. चांगल्या पैठणीचं रेशीम हातात पडताना जड आणि मऊ लागतं.

परदेशात राहत असाल तर दुकानात पहिलं वाक्य हे बोला की या कापडात धातूची तार आहे. तिकडच्या अनेकांनी जर कधी पाहिलेली नसते.

घरी धुणं: खऱ्या जरीची पैठणी घरी धुऊ नका. रिठ्याच्या पाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. साध्या रेशमी साडीला तो चालतो, पण पैठणीत काठाचा, पदराचा आणि अंगाचा रंग वेगळा असतो. पाण्यात एक सुटला की दुसऱ्यात उतरतो. फिक्या रंगावर रिठ्याची पिवळट छटाही बसते. सोडा, ब्लीच आणि कपड्यांची साधी पावडर तर रेशमाला खातातच.

काळी पडलेली जर चिंच, लिंबू, टूथपेस्ट किंवा भांड्यांच्या पावडरीने उजळायला जाऊ नका. काळेपणाबरोबर सोन्याचा पातळ मुलामाही निघतो आणि मग ती जर आणखी लवकर काळी पडते.

७. इस्त्री

उलट बाजूने, सिल्कच्या खुणेवर, वर मलमलीचं कोरडं फडकं टाकून. इस्त्री ओढू नका, ठेवा आणि उचला. पाण्याचा फवारा मारू नका, थेंबांच्या गोल कडा रेशमावर राहतात. प्लास्टिकची जर असेल तर काठ-पदरावर इस्त्री न्यायचीच नाही.

सावध: डाग असलेल्या जागी इस्त्री फिरवली की डाग पक्का होतो. म्हणून हे काम पाचव्या पायरीच्या तपासणीनंतरच. आणि इस्त्रीनंतर लगेच घडी नको, साडी पूर्ण गार होऊ द्या.

८. घडी

आईची साडी गेली ती इथे. घडीवर रेशमाचा प्रत्येक तंतू वर्षानुवर्षं त्याच जागी वाकलेला राहतो आणि जर तर धातूच असते. तार एकाच जागी वाकवून ठेवली की तिथेच तुटते.

हे काम दोघींचं आहे. अंगठ्या काढा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. पलंगावर धुतलेली चादर अंथरा.

मलमल आधी तयार ठेवा. नवी मलमल गरम पाण्यात दोनदा धुवा म्हणजे तिची खळ निघते. त्याहून चांगलं म्हणजे आजोबांचं जुनं धोतर. शेकडो धुण्यांनी ते मऊ झालेलं असतं आणि त्यात खळीचा अंशही उरत नाही. रंगीत कापड नको.

साडी रुंदीत अर्धी दुमडा, पण वळणावर बोट फिरवून पक्की कड काढू नका. त्या वळणात मलमलीची बोटाएवढी जाड सुरळी ठेवा. मग लांबीच्या घड्या घाला आणि प्रत्येक वळणात अशीच सुरळी घाला. पदराच्या दोन थरांमध्ये मलमलीचा एक तुकडा पसरा म्हणजे जर जरीवर घासत नाही. शेवटी सगळी साडी सैल गुंडाळा. गाठ नको, आणि रबरबँड तर अजिबात नको. रबरात गंधक असतं आणि गंधकाने चांदी काळी पडते.

तीन महिन्यांनी घडी बदला. बदलताना तीच घडी दुसऱ्या बाजूने घालतात, त्याचा उपयोग नाही, वळणं त्याच रेषेवर येतात. एकदा रुंदीत दोन भाग, पुढच्या वेळी तीन भाग असं आलटून पालटून करा. मग रेषा खरोखर सरकतात.

घडीपेक्षा सुरळी केव्हाही बरी. कापडाच्या दुकानात थान गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागितल्या तर मिळतात. निदान तीन इंच जाडीची घ्या. पुठ्ठ्यात आम्ल असतं, म्हणून तिच्यावर मलमलीचे दोन-तीन वेढे द्या आणि मग साडी गुंडाळा. पूर्ण रुंदीची सुरळी चार फुटांची होते, कपाटात मावत नाही. बॉक्सबेडमध्ये मावते, फक्त पलंग ओल येणाऱ्या भिंतीला लागून नको.

तपासा: जुनी घडी उलगडली की ती रेषा खिडकीसमोर धरा. रेषेवर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर रेशीम तिथे विरलंय. ती रेषा पुन्हा कधीही दुमडू नका. अशी साडी सुरळी करूनच ठेवायची.

९. कपाट

प्लास्टिकची पिशवी नको, झिपचं पारदर्शक कव्हर नको, वर्तमानपत्र नको. प्लास्टिक दमटपणा आत धरून ठेवतं. वर्तमानपत्राची शाई उतरते आणि त्याचा कागद पिवळा पडताना साडीलाही पिवळी करतो. लाकडी फळीवर आधी धुतलेली चादर अंथरा. हँगरवर कायमची टांगून ठेवू नका, पदराच्या वजनाने साडी ओढली जाते. गठ्ठ्यात पैठणी सगळ्यात वर ठेवा. शाली आणि स्वेटर वेगळ्या खणात, कारण लोकरीतही गंधक असतं आणि लोकर कसरीला ओढून आणते.

आता डांबरगोळ्या. त्या कापडाला लागल्या की डाग पडतो आणि वास वर्षभर जात नाही. त्याहून वाईट म्हणजे एकाच खणात डांबरगोळ्या आणि कापूर दोन्ही ठेवणं. पुष्कळ घरांत हे केलेलं दिसतं. दोघांची वाफ एकत्र आली की ती उन्हाळ्याच्या दिवसांत पातळ होऊन ठिबकते आणि तिचे तेलकट डाग पडतात. त्याऐवजी वेखंडाचे वाळलेले तुकडे आणि लवंगा सुती पुरचुंडीत बांधून खणाच्या कोपऱ्यात ठेवा. पुरचुंडी साडीला टेकता कामा नये, लवंगेचं तेल उतरतं. कडुनिंबाची पानं ठेवायची तर चुरा होईल इतकी वाळलेली. अर्धवट ओल्या पानांनी बुरशी येते.

मुंबई, कोकण आणि गोव्यात खारी, दमट हवा वेगळी काळजी मागते. तिथे खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे त्यांनी पाणी पिऊन घेतलं, पुड्या बदला. थंड देशात हीटर चालतो त्या खोलीत उलटा त्रास होतो. रेशीम कोरडं पडून ठिसूळ होतं. साडी हीटरच्या भिंतीपासून दूर ठेवा.

१०. वर्षातून दोनदा उघडायची

पावसाळ्यात पैठणी विनाकारण बाहेर काढू नका. उघडायची पहिली वेळ पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात. ऊन अंगणात असू द्या, साडी मात्र सावलीतल्या दांडीवर. दुसरी वेळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, उकाडा वाढण्याआधी. प्रत्येक वेळी तीन-चार तास हवा, उजेडात तपासणी, नवी घडी, मलमल धुऊन परत. मधल्या दोन घडी-बदलांना साडी दांडीवर न टाकता पलंगावरच उलगडली तरी चालते. त्यातला एक पावसाळ्यात आलाच, तर कोरड्या दिवसाची वाट बघा.

पांढरट, भुकटीसारखी बुरशी दिसली तर घरात झटकू नका, ती इतर साड्यांवर बसते. नाका-तोंडावर कापड बांधा, साडी बाहेर सावलीत पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा आणि त्याच आठवड्यात ड्रायक्लीनला द्या. तो खणही रिकामा करून पुसा, पूर्ण वाळवा.

११. चीर गेली तर

सुटलेला धागा ओढू नका, कापूही नका. साडी चिरेच्या दोन्ही बाजूंनी सपाट आधार देऊन तिची सुरळी करा आणि रफूगराकडे न्या. नक्षीतली चीर असेल तर येवल्यात किंवा पैठणमध्ये हातमागावर बसणाऱ्या विणकराला दाखवा. बाणा कसा वळवायचा हे त्याच्या हाताला माहीत असतं. शिंप्याने इस्त्रीने चिकटणारं अस्तर सुचवलं तर नाही म्हणा. त्याचा गोंद रेशमात मुरतो आणि पुढे रफू करायला जागा उरत नाही.

आईच्या साडीची चीर रफूगराने बारीक टाक्यांनी धरून दिली, पण ती आता नेसायची नाही असं त्याने बजावलं. ती तीन इंची नळीवर धोतरात गुंडाळून ठेवली आहे. सुरळीत एक चिठ्ठी आहे, पेन्सिलने लिहिलेली, कारण पेनची शाई उतरते. साडी कधीची, जर चांदीची, रफू कुठे आहे, शेवटची कधी उघडली. तुमच्या साडीतही अशी चिठ्ठी ठेवा आणि तिच्या शेवटच्या ओळीत पुढच्या घडीची तारीख लिहा.